बेडूक-डाक्तर

जऊळक्याच्या स्टेशनावर तारबाबू म्हणून मी रुजू झालो त्याच आठवड्यातली गोष्ट. तिकिटाच्या खिडकीशी एक गृहस्थ आले आणि त्यांनी वाशीमचं तिकीट मागितलं. मी तिकीट पुढं केलं, तर त्यांनी तिकीट सोडून माझं मनगटच धरलं. खिडकीच्या त्या लहानशा भोकातून माझा हात कोपरापर्यंत बाहेर, आणि ते डोळे मिटून उभे. मागं रांग खोळंबलेली. गाडीची घंटा झालेली.

"श्वास घ्या," ते म्हणाले. मी घेतला. "आता सोडा." मी सोडला.

"एकसारखी नाई तुमची नाडी," असं म्हणून त्यांनी तिकीट उचललं आणि गाडीत जाऊन बसले.

ते गावचे डॉक्टर, असं रांगेतल्यांनी सांगितलं, आणि ते परत येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. वय पंचविशीच्या आतलं, नवी नोकरी, लग्न ठरायचं होतं. परतीच्या गाडीतून ते उतरताच मी त्यांना फलाटावर गाठलं. तेव्हा ते हसले.

"अहो, श्वास आत घेतला का जलद होते, सोडला का सावकाश. जवान माणसाचं असंच असते. माहं पा, घड्याळासारखं एकसुरी चालते. म्हणजे मी म्हातारा झालो."

"मग त्याच दिवशी सांगायचं की, डॉक्टर!"

"गाडी आली होती ना," ते निरागसपणे म्हणाले.

हे आमचे डॉक्टर. मूळचे मानोऱ्याकडचे. मुंबईत शिकले, तिथल्या एका वैद्यकीय कॉलेजाच्या प्रयोगशाळेत काही वर्षं मदतनीस होते. ते सोडून इकडं का आले, याबद्दल गावात निरनिराळ्या कथा होत्या. कोणी म्हणे परीक्षेत आपटले, कोणी म्हणे साहेबाशी भांडले. मी एकदा सरळ विचारलं. "माय एकटी होती अठी," ते म्हणाले. माय तर ते आल्यावर वर्षभरात गेली. मग ते राहिले का, हे मात्र मी विचारलं नाही.

नमस्कार, रामराम हे प्रकार त्यांच्याकडे नव्हते. माणूस भेटला की मनगट धरायचं. बाजारात वांगी घेताना माळणीचं मनगट धरत आणि वांगी विसरून पुढं जात. ताप, खोकला, खरूज यांवर ते औषध देत, पण लक्ष कुठंतरी दुसरीकडेच असे. रोग्यानं पोटदुखी सांगायला सुरुवात केली की यांचा कान त्याच्या छातीला लागलेला. "पोट दुखून राह्यलं ना डाक्तर, छाती नाई," असं रोगी म्हणाला की म्हणत, "पोटाचं मंग सांग. हे ऐकू दे आधी, लय चांगलं वाजून राह्यलं." बैलपोळ्याला सजवलेल्या बैलाच्या बरगडीला कान लावून ते बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. बैलाचा मालक ताटकळत उभा, आणि बैलही जरा संकोचल्यासारखा.

गावानं त्यांचं नाव ठेवलं होतं बेडूक-डाक्तर. त्याला कारण होतं. त्यांच्या कोटाच्या खिशात ओल्या फडक्यात गुंडाळलेला बेडूक पुष्कळदा असे. एकदा गाडीत तिकीट तपासनिसानं खिसा हलताना पाहिला आणि "आत काय आहे?" म्हणून दरडावलं. यांनी खरं सांगितलं, आणि वर त्यालाच विचारलं, "कुत्र्याचं तिकीट लागते मले माहीत हाय. याचं लागते का?" अपमान करतो आहे असं वाटून तो त्यांना आमच्या स्टेशनमास्तरांपुढं घेऊन आला. डॉक्टर अपमान करत नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

त्या बेडकांचं ते काय करतात, हे मला समजलं ते आमच्या तारेच्या बॅटरीमुळं. एकदा ते जुन्या, टाकाऊ सेलमधला जस्ताचा तुकडा मागायला आले. मी दिला आणि मोबदल्यात त्यांच्या खोलीवर पाहायला येण्याची परवानगी घेतली.

ते तेव्हा एका जैन शेठजींच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत. शेठजींचं धान्याचं आणि कापसाचं दुकान लागूनच होतं. खोलीत खाट नव्हती, पुस्तकं जमिनीवर. खिडकीपाशी टेबल, त्यावर काचेची पट्टी, आणि तिच्यावर मिठाच्या पाण्याच्या थेंबात बेडकाचं हृदय. बेडूक नाही, नुसतं हृदय. करवंदाएवढं. आणि ते चाललेलं होतं.

मी चरकून म्हणालो, "हे जिवंत आहे?"

"तुमी सांगा," डॉक्टर म्हणाले. "धड नाई, डोकं नाई, कोणाचा हुकूम नाई. तरी चालून राह्यलं. कोण चालवते याले?"

मग त्यांनी बेडकाची एक तंगडी घेतली. तिची नस दोऱ्यासारखी बाहेर काढून ठेवलेली होती. काचेच्या काडीनं ती नस उचलून त्यांनी त्या धडधडत्या हृदयावर अलगद टेकवली. तंगडी उडाली. मी मागं सरलो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती तंगडी लाथ मारत होती.

"नीट पा. आधी काय होते? ठोका का लाथ?"

मी वाकून पुष्कळ वेळ पाहिलं. लाथ आधी होती. अगदी केसभर आधी, पण आधी.

"म्हणजे वीज आधी निंगते, मांस मंग आवळते," ते हलक्या आवाजात म्हणाले. जणू मोठ्यानं बोललं तर ते थांबेल. "तुमच्या तारेच्या कपाटात सेल हायेत ना? इथंबी पेशीले सेलच म्हणतात. डोळ्याले न दिसणारे. आत एक जातीचं मीठ, बाहेर दुसऱ्या जातीचं, मधात पातळ पडदा. पडद्याचं दार उघडलं का वीज पळाली. एका सेलनं शेजारच्याले सांगायचं, त्यानं पुढच्याले."

"असं कोणी पाहिलंय?"

"नाई. असं मानतात. दार मी पाह्यलं नाई, कोणीच पाह्यलं नाई. लाथ मात्र तुमी पाह्यली."

मी रोज बॅटरीतलं पाणी तपासत असे, तारा पुसत असे. विजेशी आपली चांगली ओळख आहे, असा माझा समज होता. त्या संध्याकाळी क्वार्टरवर परतताना मी छातीवर हात ठेवून चाललो, हे आठवतं.

डॉक्टरांचं कुतूहल सगळ्यांनाच झेपायचं असं नाही. पण एका बाईला ते फार उपयोगी पडलं. जवळच्या खेड्यातल्या कास्तकाराची सून, पहिलं मूल गेलेलं. तिच्या छातीत पाखरू फडफडतं, मध्येच थांबतं, असं ती म्हणे. घरच्यांनी तिला मंगरूळपीरच्या दर्ग्यावर न्यायचं ठरवलं. डॉक्टर त्यांना स्टेशनाबाहेर बैलगाडीतच भेटले, मनगट धरलं, आणि चढून गाडीतच बसले. दर्ग्यापर्यंत सोबत गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "तिले वाटे ठोका चुकते. चुकत नाई. एक ठोका घाई करून आधीच येते, म्हणून पुढच्याले दम घ्यावा लागते. तो दम म्हणजे तिचं पाखरू. मी तिचंच बोट तिच्या मनगटावर ठेवलं आन दाखवलं. भेव गेलं तिचं."

"आणि दर्गा?"

"तठी तर लय बरं वाटलं तिले. सावलीत बसली, झोपली. झोपेत पाखरू नव्हतं. मी पाह्यलं ना." दर्ग्याचं श्रेय दर्ग्याला देताना त्यांना काहीच अडचण वाटली नव्हती.

अडचण आली ती घरमालकांकडून.

शेठजी पन्नाशी ओलांडलेले, उंच, हिशेबात चोख आणि धर्मात त्याहून चोख. दिवस मावळल्यावर जेवत नसत, पाणी गाळल्याशिवाय पीत नसत. भाडेकरूच्या बेडकांबद्दल गाव काय म्हणतं ते त्यांच्या कानावर होतं, पण शिकलेला माणूस असं करील यावर त्यांचा विश्वास नव्हता. एका दुपारी ते पन्हाळीबद्दल काही सांगायला म्हणून आत आले. मी तिथंच होतो. डॉक्टर मला नवा प्रयोग दाखवत होते. हृदयाचा वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये त्यांनी बारीक दोरा आवळला होता. वरचा कप्पा पहिल्यासारखा भराभर चालू राहिला. खालचा थांबला. मग बऱ्याच वेळानं तोही सुरू झाला, पण आपल्या मर्जीनं, संथ. वरच्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

शेठजींनी टेबलाकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"माह्या घरात! माह्या छताखाली जीवहत्या! काहून मारता त्या मुक्या जिवाले? काय बिघडवलं त्यानं तुमचं?"

त्यांचा आवाज चढत गेला. बाहेर माणसं जमली. डॉक्टर मात्र शेठजींच्या गळ्याकडं टक लावून पाहत होते. मग उठले, जवळ गेले आणि शेठजी बोलतच असताना त्यांचं मनगट धरलं.

"शेठजी," ते म्हणाले, "तुमाले चक्कर येते का?"

"हात सोडा!"

"तुमच्या मानेची शीर भराभर उडून राह्यली, आन नाडी पा, किती सावकाश. अगदी याच्यावानीच." आणि त्यांनी टेबलावरच्या बेडकाच्या हृदयाकडं बोट दाखवलं.

याहून वाईट वाक्य त्या क्षणी कोणाला सुचलं नसतं. शेठजींनी त्याच दिवशी खोल्या खाली करून घेतल्या. डॉक्टर पुस्तकांसह रुळापलीकडच्या एका रिकाम्या पत्र्याच्या गोदामात राहायला आले. त्यांना राग आलेला नव्हता. ते फक्त अस्वस्थ होते.

"तारबाबू, त्यायचं वरचं आन खालचं तुटलं हाय," ते मला पुन्हापुन्हा सांगत. "खालचं कधी उशीर करीन, सांगता येत नाई."

मग रोज ते दुकानासमोरच्या लिंबाखाली जाऊन बसू लागले आणि लांबून शेठजींची मान पाहू लागले. शेठजींना ते असह्य झालं. ऐन वैशाखात, लोक उघडे बसत त्या उन्हात, ते गळ्याभोवती उपरणं गच्च गुंडाळून गादीवर बसत. घामानं निथळत, पण मान दिसू देत नसत. आम्हाला हसू येई. डॉक्टर हसत नव्हते. दुकानातल्या हमालाकडून त्यांना कळलं होतं, की शेठजी दोनदा हिशेब करता करता गादीवर कलंडले होते.

तो दिवस मालगाडीचा होता. फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या. शेठजी आणि त्यांचा मुलगा हिरालाल माझ्याशी वाघिणींवरून, म्हणजे मालाच्या डब्यांवरून, वाद घालत होते. मी एकच वाघीण देतो म्हणत होतो. "एका वाघिणीनं काय होते? मले तर—" इतकं बोलून शेठजी कोसळले. सरळ, लाकडासारखे. चेहरा राखेसारखा झाला, मग निळसर. हातपाय एकदा झटकले गेले आणि सगळं थांबलं. हिरालालनं नाकापुढं हात धरला आणि हंबरडा फोडला. एक हमाल पाणी आणायला धावला, ते तोंडात घालण्यासाठी.

डॉक्टर रुळांवरून पळत आले. त्यांनी आधी गळ्यावरचं उपरणं ओढून काढलं आणि मान पाहिली. त्या गडबडीतही पाहिली. मग मूठ आवळून शेठजींच्या छातीवर जोरात मारली.

"मेल्या माणसाले मारता!" हिरालाल त्यांच्या अंगावर गेला. "सूड घेता काय?"

"धरा याले!" डॉक्टर माझ्यावर ओरडले. मी हिरालालला मागून मिठी मारून धरलं. का धरलं, सांगता येत नाही. मला फक्त ती टेबलावरची दोरा बांधलेली वस्तू दिसत होती. डॉक्टरांनी पुन्हा मूठ मारली. आणि पुन्हा. मग ते थांबले, मनगट धरून बसले, आणि मला त्यांच्या ठोके मोजणाऱ्या ओठांवरून कळलं की काहीतरी सुरू झालं आहे.

शेठजींचा चेहरा एकदम लालबुंद झाला. त्यांनी डोळे उघडले, वर पाहिलं आणि म्हणाले, "—मले तर दोन पाह्यजेत."

मी दोन दिल्या.

त्या संध्याकाळी शेठजींनी डॉक्टरांना घरी बोलावलं. मला साक्षीला नेलं होतं, कारण डॉक्टर एकटे जायला घाबरत होते. शेठजी लोडाला टेकून बसलेले. शेठाणी दाराआड.

"हे तुमी कुठून शिकले?" शेठजींनी विचारलं.

दुसऱ्या कोणीही म्हटलं असतं, मुंबईला. डॉक्टर म्हणाले, "मारायचं पुस्तकात वाचलं. पण काहून मारायचं, थे त्या बेडकापाशीच शिकलो. तोच, जो तुमी पाह्यला."

शेठजींनी उपरणं गळ्याशी आणखी आवळलं. मग म्हणाले, "म्हणजे त्याच्या जिवावर मी जगून राह्यलो. हे माह्यावर मोठं ओझं घातलं तुमी."

"व्हय," डॉक्टर म्हणाले.

"मंग एक करा. मी हाय तवरक एकाही जिवाले हात लावू नका. पाह्यची इच्छा झाली तर मले पा. जितकं पाह्यचं तितकं." आणि त्यांनी गळ्यावरचं उपरणं काढून बाजूला ठेवलं.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य त्या काचेच्या पट्टीवर होतं. ते नखं पाहत राहिले. मग म्हणाले, "कबूल."

आणि त्यांनी शब्द पाळला. रोज तिसऱ्या प्रहरी ते दुकानात जात, शेठजींचं मनगट हातात घेत आणि मान पाहत बसत. मुंबईहून गोळ्या मागवत. शेठजींना आधी लाज वाटे, मग सवय झाली, आणि मग गंमत अशी, की त्यांनाही गोडी लागली. "आज वरचा काय म्हणते?" ते विचारत. "घाईत हाय." "आन खालचा?" "थो आपल्याच तंद्रीत." गिऱ्हाईक ताटकळे, पण दोघांना त्याचं भान नसे.

एकदा डॉक्टर त्यांना मुंबईलाही घेऊन गेले. तिथं हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून हृदयाच्या विजेचं चित्र काढतात असं एक यंत्र होतं. ते चित्र घेऊन दोघं परतले तेव्हा लग्नाहून आल्यासारखे दिसत होते. लांबट कागदावर लहान उंचवटे भराभर चाललेले आणि मोठे उंचवटे अधूनमधून, एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे. शेठजींनी त्याला चौकट करून दुकानात टांगलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "हा वरचा, हा खालचा. दोघायचं पटत नाई. तरी संसार चालू हाय."

तो संसार त्यानंतर काही वर्षं चालला. कोणालाही वाटलं होतं त्याहून जास्त. चक्कर येई, डॉक्टर धावत, शेठजी परत येत.

मग हिवाळ्यातल्या एका सकाळी हिरालाल सायकलवरून स्टेशनात आला. डॉक्टर माझ्याकडे चहा घेत होते. आम्ही दोघं गेलो. शेठजी अंगणात उन्हाला बसलेले असतानाच पडले होते. डॉक्टरांनी मूठ मारली, ते परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. सुई टोचली. तिसऱ्यांदा मात्र काही केल्या खालचा कप्पा उत्तर देईना. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम टपकत होता. शेवटी शेठाणी पुढं आल्या आणि म्हणाल्या, "पुरे करा, डाक्तरसाहेब. त्यायले लागत असन."

डॉक्टर थांबले. पण उठले नाहीत. ते शेठजींच्या मानेकडं पाहत होते. मीही पाहिलं. नाडी नव्हती, श्वास नव्हता, पण हनुवटीखाली ती शीर अजून बारीक उडत होती. भराभर, पहिल्यासारखीच.

"माय," डॉक्टर म्हणाले. शेठाणींना ते एरवी बाई म्हणत. "वरचा चालू हाय अजून. काई म्हणायचं असन तर आताच म्हणा. कानापाशी म्हणा."

शेठाणी खाली बसल्या, नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि णमोकार मंत्र म्हणू लागल्या. हिरालाल दुसऱ्या कानाशी. डॉक्टर मानेपासून नजर न हलवता बसून राहिले. ते थरथरणं हळूहळू विरळ झालं. मग एकदा उडालं. मग नाही. डॉक्टरांनी मान हलवली, आणि तेव्हाच शेठाणींनी म्हणणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर फलाटावरच्या बाकावर बसले होते. हिरालाल आला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"आईनं विचारलं हाय," तो म्हणाला. "बाबूजीले ऐकू गेलं का?"

एक 'हो' म्हटलं असतं तर त्या घराला जन्मभर पुरलं असतं. मी डॉक्टरांकडं पाहिलं. मनातल्या मनात म्हणालो, म्हणा हो. ते बाकावरून उठले.

"मीच येतो," ते म्हणाले. "मीच सांगतो त्यायले."

दोघं गावाकडं चालत गेले. मला गाडी सोडायची होती, म्हणून जाता आलं नाही. त्या दिवशी काय बोलणं झालं ते डॉक्टरांनी मला सांगितलं नाही, आणि त्यांच्याकडं पाहून मला विचारवलंही नाही.

पुढल्या वर्षी माझी बदली झाली. निरोप घ्यायला मी शेठाणींकडे गेलो, तेव्हा राहवलं नाही म्हणून त्यांनाच विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अठीच बसले होते. म्हणाले, माय, मले माहीत नाई. लय वाचलं, लय पाह्यलं, पण हे मले माहीत नाई. आन मंग लेकरावानी रडले."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मले तेवढं पुरलं," त्या म्हणाल्या.